अजून अडतंय

आमच्या शनिवारच्या बैठकीत बोलायला दोनदाच मुभा असे. सुरुवातीला प्रत्येकाने आज काय करणार ते सांगायचं आणि शेवटी काय झालं ते सांगायचं. मधला सगळा वेळ तोंड मिटून आपापल्या लॅपटॉपसमोर बसायचं. याला आमच्याकडे मोकुमोकु म्हणतात. चार माणसांनी एका खोलीत जमून एकटं बसण्याचा हा प्रकार कुणी शोधून काढला ते माहीत नाही, पण ज्याने काढला त्याने आमच्या लोकांना पुरतं ओळखलं होतं. घरी एकटं बसलं की त्याला एकटेपणा म्हणतात. वस्तीच्या सांस्कृतिक केंद्रात दुसऱ्या मजल्यावर बसलं की त्याला अभ्यासमंडळ म्हणतात, आणि रॉकेलची शेगडी नगरपालिका देते.

मंडळाचं पूर्ण नाव 'हॅस्केल भाषेत पार्सर लिहिणाऱ्या नवशिक्यांचं मंडळ'. खालच्या फळ्यावर ते हार्मोनिका आणि गुडघ्यांचे व्यायाम यांच्या मधोमध लावलेलं असे. खोलीच्या आरक्षणाचं नूतनीकरण करायला मी काउंटरवर गेलो की तिथल्या बाई दर वेळी विचारत, पार्सर म्हणजे नक्की काय. त्यामुळे उत्तर मला तोंडपाठ आहे. माणूस लिहितो, दोन अधिक तीन गुणिले चार. यंत्राला त्यात नुसती अक्षरांची रांग दिसते. पार्सर त्या रांगेचा डाव्या टोकाकडून एक घास घेतो, हा आकडा, हे चिन्ह असं ओळखतो आणि उरलेली रांग पुढच्या पार्सरच्या हातात देतो. असे चिमुकले पार्सर एकमेकांना जोडत मोठा पार्सर तयार करायचा.

"म्हणजे विणकाम," बाई म्हणत.

मी हो म्हणत असे. अर्जावर विणकाम लिहिलेलं असलं तर खोली लवकर मिळते.

मी काडोवाकी. काँक्रीटचे पाईप आणि गटारांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत मी दस्तऐवज सुसूत्रीकरण विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे विभागीय बैठका वेळेवर सुरू होतात आणि मतभेद होत नाहीत. माझी खुर्ची खिडकीशी आहे. आमच्याकडे ज्या माणसाला कामातून बाजूला काढून खिडकीशी नेऊन बसवलंय त्याला बाहेर काय दिसतं एवढंच विचारायचं असतं. बायको तिच्या आईची सेवा करायला ओकायामाला गेली. सासूबाई वारल्या त्याला दोन वर्षं झाली. सेवा अजून चालू आहे.

मंडळाची सूचना मी केंद्राच्या दारावर वाचली. पार्सर आणि हॅस्केल हे दोन्ही शब्द मला कळले नाहीत. नवशिक्या हा कळला. त्रेपन्नाव्या वर्षी कुणी तुम्हाला कशातही नवशिक्या म्हणत नाही. मला मोह झाला.

मंडळ चालवत नोत्सु चिहाया. वय तिशीच्या थोडं पुढे. ओसाकात प्रोग्रामिंगची नोकरी करत होत्या, वडील आजारी पडले म्हणून इथे मात्सुएला परत आल्या आणि तीच नोकरी आपल्या शाळेच्या वेळच्या खोलीत बसून करू लागल्या. वडील बरे झाले. आता तेच मुलीची काळजी घेत आणि लग्नाचं विचारत. हॅस्केल या संगणकाच्या भाषेबद्दल गावात बोलायला कुणी नाही म्हणून नोत्सुसाननी ती सूचना लावली, आणि मग जिथे बोलायला बंदी आहे अशी बैठक सुरू केली. यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. आम्हालाही नाही.

शिकणारे आम्ही तिघे. कात्सुबेसान हे निवृत्त दंतवैद्य, पंचाहत्तरीचे. गावातल्या अर्ध्या लोकांच्या दाढा त्यांनी काढलेल्या, त्यामुळे त्यांना पाहिलं की अर्धं गाव तोंड मिटून घेतं. आमच्याकडे शिक्षकाला आणि डॉक्टरला सेन्सेई अशी एकच हाक आहे. नोत्सुसानना आम्ही सेन्सेई म्हणू लागलो तेव्हा प्रत्येक हाकेला कात्सुबेसानही मान वर करू लागले. शेवटी नोत्सुसाननी हात जोडून ते थांबवलं. तिसऱ्या फुकुमासान. स्टेशनजवळचं मोठं दुकान बंद पडेपर्यंत त्या तिथल्या ध्वनिक्षेपकावरून सूचना देत. आता तळ्यातले शिंपले खोक्यांत भरायच्या कामावर जात होत्या. आवाज मात्र अजून चौथ्या मजल्यावरून आल्यासारखा येई.

या भाषेची शिस्त मला पहिल्या दिवसापासून आवडली. एखाद्या नावाला एकदा जी किंमत दिली ती पुढे बदलत नाही. आणि बाहेरच्या जगाशी कुणाला काही बोलायचं असेल, अगदी पडद्यावर एक अक्षर उमटवायचं असेल, तरी तसं आधी जाहीर करावं लागतं. जाहीर केल्याशिवाय कुणी जगाला हात लावत नाही.

"सुरुवातीला लोकांना हे फार विचित्र वाटतं," नोत्सुसान म्हणाल्या होत्या.

आम्हा तिघांपैकी कुणालाच ते विचित्र वाटलं नव्हतं.

त्याच पहिल्या दिवशी त्या आणखी एक म्हणाल्या होत्या. "आपण फक्त एक कॅल्क्युलेटर करायचा. मला शिकवता येण्यासारखं तेवढंच आहे. तिघांचाही झाला की मंडळ संपलं. त्यानंतर कृपा करून भिडेखातर येत राहू नका."

कॅल्क्युलेटरला 'दोन अधिक तीन गुणिले चार' विचारलं की नवशिक्याचा प्रोग्राम वीस म्हणतो, कारण तो भेटेल तसं खात सुटतो. गुणाकार आधी करायचा असतो हे त्याला रचनेतून सांगावं लागतं. बेरजेच्या पोटात गुणाकार, गुणाकाराच्या पोटात आकडा. इथवर आम्ही उन्हाळा लागायच्या आत पोचलो. मग तो खड्डा आला ज्यात प्रत्येक नवशिक्या पडतो. बेरीज म्हणजे काय? आधी एक बेरीज, मग अधिकचं चिन्ह, मग एक गुणाकार. कागदावर हे वाक्य निर्दोष आहे. यंत्राला दिलं की ते विचारतं, बेरीज म्हणजे काय? आधी एक बेरीज. ती म्हणजे काय? आधी एक बेरीज. एकही अक्षर पोटात जात नाही, लॅपटॉप तापतो आणि आतला पंखा घोंघावायला लागतो.

"घर कुठे विचारलं तर घरापासून डावीकडे, असं सांगण्यातला प्रकार आहे हा," नोत्सुसान म्हणाल्या. "आधी एक घास खायचा, मग स्वतःला प्रश्न विचारायचा. उलट केलं की संपलंच."

"आमच्या घराण्यात सगळे उलटच करत आलेत," कात्सुबेसान म्हणाले.

उपाय फार मोठा नाही. आधी एक गुणाकार खा, आणि मग जितक्या वेळा अधिकचं चिन्ह भेटेल तितक्या वेळा पुढचा गुणाकार खात जा. ऐकायला सोपं, लिहायला नाही. आमचं अडलं. शेवटच्या फेरीत आम्ही तिघे ओळीने सांगत असू, "अजून अडतंय," आणि नोत्सुसान दर आठवड्याला तीच गोष्ट समजवायला नवीन उदाहरण घेऊन येत. रेल्वेचे डबे झाले. काडीला टोचलेल्या दांगोच्या, तांदळाच्या पिठाच्या गोळ्या झाल्या. सरकत्या दारांचं एक होतं, ते खरोखर सुंदर होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी माझा पंखा थांबला. पडद्यावर चौदा हा आकडा होता. मी कंस घालून विचारलं, उत्तर बरोबर आलं. कंसात कंस घातला, बरोबर. या वयात माणसाला काही जमल्याचा आनंद इतका अचानक झाला तर अंगाला त्याचं काय करावं ते कळत नाही. मी उठून खिडकी उघडली आणि पुन्हा लावली. मग जागेवर बसून बाकीच्यांकडे पाहिलं. कात्सुबेसान कपाळाला आठ्या घालून बसले होते. फुकुमासान ओठ हलवत काहीतरी मोजत होत्या. नोत्सुसान शेगडीकडे पाहत पुढचं उदाहरण शोधत असाव्यात. तिघांचाही झाला की मंडळ संपलं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "अजून अडतंय."

"काही हरकत नाही," नोत्सुसान म्हणाल्या.

चालणारी वस्तू बिघडलेली ठेवणं सोपं नसतं. तोच बिघाड दर आठवड्याला दाखवला तर माणूस मठ्ठ ठरतो, आणि मला मठ्ठ ठरायचं नव्हतं, फक्त यायचं होतं. म्हणून मी थोडीथोडी प्रगती करत मागे सरकत राहिलो. एका शनिवारी भागाकार बिघडवला, पुढच्या शनिवारी तो दुरुस्त केला आणि मोकळ्या जागा बिघडवल्या. कंपनीत मी बावीस वर्षांत इतकं कल्पक काम केलं नसेल.

डिसेंबरात हात धुऊन परत येताना दाराच्या काचेतून मला कात्सुबेसानांची पाठ दिसली. त्यांच्या पडद्यावर चौदा होतं. त्यांनी शेवटच्या फेरीआधी घड्याळ पाहिलं, एक ओळ निवडली, पुसली आणि प्रोग्राम चालवला. पंखा घोंघावायला लागला. मग दाढ नीट बसल्यावर दंतवैद्य जसा मागे रेलतो तसे ते मागे रेलले. मी बाहेरच थोडा वेळ उभा राहिलो आणि मग पावलांचा आवाज करत आत गेलो.

त्यांना मी काही विचारलं नाही. ती शांततेची वेळ होती. नंतर विचारता आलं असतं, पण नंतर माझ्या बसची वेळ होती.

फेब्रुवारीत, बाहेर अर्धा बर्फ अर्धा पाऊस पडत असताना, आम्ही सुरुवातीची फेरी केली. कात्सुबेसान म्हणाले ते आज अडलेलं सोडवणार. फुकुमासान म्हणाल्या त्या आज चूक झाली की येणाऱ्या सूचना सुधारणार. त्यांच्या कॅल्क्युलेटरला चुकीचं काही दिलं की तो म्हणे, 'आपणांस तसदी देत आहोत, क्षमस्व. पाचव्या जागी अंकाची प्रतीक्षा होती. आपण कंस दिला आहे. आपल्या निवडीचा आम्हाला आदर आहे, तथापि.' मी म्हणालो मी पण अडलेलं सोडवणार.

नोत्सुसानची पाळी शेवटची. "आज मी एक ईमेल लिहिणार आहे," त्या म्हणाल्या.

"वडिलांनी मुलगा बघितला की काय?" कात्सुबेसाननी विचारलं.

"नाही. डोंगरापलीकडच्या एका तंत्रनिकेतनाने विचारलंय. एप्रिलपासून हाच विषय मुलांना शिकवायला याल का म्हणून. राहायला तिकडे जावं लागेल. सोमवारपर्यंत उत्तर हवंय. मी नाही म्हणून कळवणार आहे."

"का?" फुकुमासान म्हणाल्या.

नोत्सुसाननी हात मांडीवर ठेवले. "मला फार जावंसं वाटतंय. लहानपणापासून एवढीच एक गोष्ट हवीशी वाटली होती, खरं सांगायचं तर. पण इथे तीन माणसं इतकी मन लावून बसतात, एकही शनिवार चुकवत नाहीत, आणि मला त्यांना वर्षभरात एक कॅल्क्युलेटर शिकवता आला नाही. वर्गभर मुलांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? यात तुमचा दोष नाही. मला समजावताच येत नाही, ते आता स्पष्ट झालंय. मी इथेच राहीन. तुम्हा तिघांचं होईपर्यंत मंडळ चालवीन, मग कितीही वर्षं लागू देत."

त्यांनी वाकून नमस्कार केला. आम्हीही वाकलो. शांतता सुरू झाली.

नकाराचं ईमेल आमच्याकडे एका ओळीत होत नाही. ते हवामानापासून सुरू करावं लागतं. नोत्सुसान थोडं लिहीत, थांबत, खोडत, पुन्हा लिहीत. दुसऱ्या कुणाच्याच कळफलकाचा आवाज येत नव्हता. मी माझ्या पडद्याकडे पाहत होतो आणि पडद्यावर काय आहे ते मला दिसत नव्हतं. कितीही वर्षं, असं त्या म्हणाल्या होत्या. मला जे हवं होतं ते सगळं त्या दोन शब्दांत होतं. मी काही करायची गरज नव्हती. शेवटी ठरलेले दोन शब्द बोलायचे होते, ते मी ऑक्टोबरपासून बोलतच होतो. मग पुढच्या शनिवारी शेगडी असणार होती, आणि त्याच्या पुढच्याही, निवृत्त झालो तरीही. ज्या बाईंना लहानपणापासून एकच गोष्ट हवी होती, त्या शेगडीपलीकडे बसून मला पंचविसावं उदाहरण सांगणार होत्या.

तीनच्या सुमाराला आम्ही चहा घेत असू. कात्सुबेसान घरून वाडगे आणि बांबूची रवी आणत आणि हिरवा चहा घुसळून प्रत्येकासमोर ठेवत. त्या वेळात बोललं तरी चाले, पण मिठाईबद्दलच. त्या दिवशी चहाला फेस आला नाही. मिठाईबद्दल कुणी काही म्हणालं नाही. मी डबाबंद कॉफीचं निमित्त करून बाहेर पॅसेजमधल्या यंत्रापाशी गेलो. मागोमाग कात्सुबेसान आले.

"एवढा चहा घुसळला तो टाकून कॉफी?" ते म्हणाले.

"झोप येतेय."

"काडोवाकीसान, तुमचं खरंच अडतंय का?"

"हो. तुमचं?"

"माझंही."

कॉफीचा डबा यंत्राच्या खालच्या कप्प्यात पडला. तो आम्ही दोघांनीही उचलला नाही.

"चाळीस वर्षं मी 'दुखत नाही' म्हणणारी तोंडं बघत आलोय," कात्सुबेसान म्हणाले. "तुमचं तोंड तसलं आहे."

"मी तुम्हाला डिसेंबरात बघितलं. ओळ पुसताना."

"बघितलंत आणि गप्प बसलात?"

"शांततेची वेळ होती."

"शाबास. शिस्त आहे."

दार सरकलं आणि फुकुमासान बाहेर आल्या. "आपल्या संभाषणात व्यत्यय आणते आहे, क्षमा असावी," त्या म्हणाल्या. "माझंही झालेलं आहे."

"कधी?" कात्सुबेसाननी पटकन विचारलं.

"ते आत्ता महत्त्वाचं नाही."

"मग सांगायला हवं," मी म्हणालो.

"सांगायलाच हवं," कात्सुबेसान म्हणाले.

"नक्कीच," फुकुमासान म्हणाल्या.

तिघांचं एकमत झालं, त्यामुळे तिघेही थांबलो.

"कात्सुबेसान वयाने मोठे. त्यांनी आधी सांगावं," मी म्हणालो.

"छे, मी कसा? ज्याने मला पकडलं त्याने सांगावं. फुकुमासान, तुम्ही सांगा, तुमचा आवाज चांगला आहे. दुकान बंद होतंय हे लोकांना तुम्हीच सांगितलं होतं ना? कुणी रडलं नाही."

"मी रडले होते. ध्वनिक्षेपक बंद केल्यावर," फुकुमासान म्हणाल्या. "शिवाय मंडळात मी सगळ्यांत शेवटी आले. मी आधी कशी संपवणार?"

"सांगितलं की शनिवार गेला," कात्सुबेसान यंत्राकडे पाहत म्हणाले. "माझ्या घरी शनिवारी काय असतं ठाऊक आहे? रविवारची वाट. आणि रविवारी काहीच नसतं."

"शिंपल्यांच्या कामावर बोलायला बंदी नाही," फुकुमासान म्हणाल्या, "पण कुणी बोलत नाही. इथे निदान दोनदा बोलायचं असा नियम आहे."

मी बायकोच्या आईबद्दल सांगणार होतो. तेवढ्यात चहाची वेळ संपली.

आम्ही काही न ठरवता आत आलो. नोत्सुसाननी मान वर केली नाही. त्यांचं ईमेल पडदाभर झालं होतं. शेवटच्या परिच्छेदात त्या अडल्या असाव्यात, तिथे शेवटचा नमस्कार किती खोल घालायचा हा प्रश्न असतो.

शेवटची फेरी कात्सुबेसानांपासून सुरू होई. ते उठून उभे राहिले, एरवी बसूनच बोलत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, नोत्सुसानकडे पाहिलं, तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला स्वतःचं उघडं ठेवणं किती जड जातं ते मी पाहिलं.

"अजून अडतंय," ते म्हणाले आणि बसले.

"काही हरकत नाही," नोत्सुसान म्हणाल्या.

फुकुमासाननी आपला लॅपटॉप हलकेच मिटला. "अजून अडतं आहे," त्या चौथ्या मजल्यावरून म्हणाल्या. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

"नाही, नाही. दिलगीर मी आहे. पुढच्या वेळी वेगळं उदाहरण आणते, हं. तुम्हा दोघांसाठी."

माझी पाळी होती. तोंडात शब्द तयारच होते, इतक्या महिन्यांनी ते आपोआप येऊन उभे राहत. पण नोत्सुसानच्या त्या हं-मध्ये मला एक गोष्ट ऐकू आली. त्यांचा विश्वास बसला होता. आपण या कामाच्या नाही, हे त्यांनी पटवून घेतलं होतं आणि आता त्या शांत होत्या. मला ही शांतता ओळखीची आहे. मला खिडकीशी बसवलं तेव्हा मी वरिष्ठांचे आभार मानले होते आणि उजेड चांगला येतो म्हणालो होतो.

"माझं झालंय," मी म्हणालो.

 मग नोत्सुसान उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी पुसलेली ओळ परत लिहिली. दोन अधिक तीन गुणिले चार. चौदा.

"मी बघू का?" त्या म्हणाल्या आणि उत्तर द्यायच्या आत खाली वाकून स्वतः टाइप करायला लागल्या. कंस, कंसात कंस, मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागा. सगळं बरोबर आलं. मग त्यांनी लिहिलं, दहा वजा तीन वजा दोन. इथे हा खड्डा ओलांडून आलेला माणूस दुसऱ्या खड्ड्यात पडतो. त्याचा प्रोग्राम उजवीकडून कवटाळत येतो आणि नऊ सांगतो. माझ्याने पाच सांगितले. नोत्सुसान त्या पाचाकडे पाहत राहिल्या.

"हे तर मी सांगितलंही नव्हतं," त्या म्हणाल्या.

"डब्यांच्या उदाहरणात सांगितलं होतंत. इंजिनाच्या बाजूने जोडत यायचं."

"कधी झालं हे?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. "ऑक्टोबरात," मी म्हणालो.

"ऑक्टोबर?" पलीकडून कात्सुबेसान म्हणाले. त्यांना राहवेना. "माझं सप्टेंबरात झालंय."

"ऑगस्टमध्ये," फुकुमासान म्हणाल्या. "पितरांच्या सुट्टीत. घरी कुणी आलं नव्हतं."

नोत्सुसान आमच्याकडे एकेकाकडे पाहत गेल्या. हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे ऑगस्टनंतर मी आणलेली सगळी उदाहरणं," त्या म्हणाल्या.

"उत्तम होती," कात्सुबेसान म्हणाले. "सरकत्या दारांचं तर मी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला बाबा मी मीटिंगमध्ये आहे."

"त्या दारांवर मी आठवडाभर विचार करत होते. मला वाटत होतं, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. दर शनिवारी इथून घरी जाताना मला ते वाटत होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "का?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी दिलं नाही. शेवटी फुकुमासान म्हणाल्या, "शनिवार हवा होता."

"मग तसं सांगायचं होतं ना. नुसतं भेटू या, एवढंच."

"नुसतं कसं सांगणार?" कात्सुबेसान म्हणाले.

नोत्सुसाननी त्यावर विचार केला. त्याही इथल्याच होत्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या आपल्या जागेवर गेल्या आणि एवढ्या वेळात लिहिलेलं सगळं एका दमात पुसलं. हवामानाचं पहिलं वाक्य तेवढं ठेवलं. ते दोन्हीकडे चालतं. थोडं लिहिल्यावर त्या थांबल्या.

"फुकुमासान, 'स्वीकारते' लिहिलं तर उद्धटपणा होईल का?"

फुकुमासान खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ गेल्या. "'स्वीकारण्याचं धाडस करते आहे,' असं लिहा. आणि 'माझ्यासारख्या अननुभवी व्यक्तीला' हे वर घ्या."

"अननुभवी कशाला?" कात्सुबेसानही उठले. "तिघांना शिकवलंय, लिहा. तिघांपैकी एक पंचाहत्तरीचा, हे लिहा. निकाल शंभर टक्के."

"विद्यार्थी लबाड निघाले हेही लिहू का?" नोत्सुसान म्हणाल्या.

"ते तिकडे गेल्यावर सांगा," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदा हसल्या, तेही नाकातून. चौघे एका लॅपटॉपभोवती बसलो होतो. एका शब्दावर कात्सुबेसान आणि फुकुमासान यांचं जुंपलं, मी मध्यस्थी केली आणि दोघांनीही मला गप्प केलं. कोण कुठे अडलं होतं, कुणी काय बिघडवून ठेवलं होतं, ते सगळं मधेमधे निघत राहिलं. फुकुमासान आपलं सगळं चालू ठेवून फक्त उत्तर खोटं सांगत, हे कळल्यावर कात्सुबेसाननी त्यांना वाकून मानलं. त्या खोलीत आम्ही वर्षभरात मिळून बोललो नसू तितकं त्या अर्ध्या तासात बोललो. त्या बोलण्यातून एक सुंदर पत्र तयार होत होतं, आणि ते पुरं होऊ नये असं मला वाटत होतं.

खाली केंद्र बंद होण्याचं संगीत सुरू झालं. नोत्सुसाननी पत्र एकदा मोठ्याने वाचलं. मग पाठवलं.

"पुढच्या शनिवारी मला तिकडे खोली बघायला जावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मंडळ तसंही संपलं," कात्सुबेसान म्हणाले. "तिघांचं झालं."

"हो. झालं."

आम्ही वाडगे धुतले, शेगडी विझवली, खुर्च्या भिंतीशी लावल्या. दाराशी नोत्सुसान फार वेळ वाकून राहिल्या, आम्हीही, आणि आधी कोण सरळ होणार या घोळात आणखी थोडा वेळ गेला. मग त्या छत्री उघडून तळ्याच्या दिशेने गेल्या. फुकुमासानची सायकल होती. सीटवरचा बर्फ त्यांनी हाताने पुसला, आणि "आजच्या सहभागाबद्दल आभारी आहे," असं म्हणून त्याही गेल्या.

कात्सुबेसान आणि मी बसथांब्यावर उभे राहिलो. त्यांची बस वेगळी, माझी वेगळी.

"पुढच्या शनिवारी काय करताय?" ते म्हणाले.

"काही नाही. तुम्ही?"

"काही नाही."

त्यावर आम्ही दोघांनी विचार केला. मी खरोखर केला. माझ्याकडे चांगला चहा नाही. त्यांच्याकडे जावं तर कशासाठी आलात असं त्यांना विचारावं लागेल, आणि मला काहीतरी सांगावं लागेल. ते रस्त्याच्या टोकाकडे पाहत होते. त्यांचाही विचार तिथेच कुठेतरी पोचला असावा.

त्यांची बस आधी आली.

"मागची वरची दाढ बघून घ्या," ते पायरीवर चढताना म्हणाले. "बोलताना दिसते."

"कुणाकडून?"

"आता नवीन मुलगा आहे माझ्या जागी. चांगला आहे."

बस जवळजवळ रिकामी होती. ते तळ्याच्या बाजूला खिडकीशी बसले. हात करतील म्हणून मी छत्री थोडी मागे घेतली. त्यांनी लॅपटॉपची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, सरळ केली, आणि बस सुटली.